उन्हाळ्याची स्थळे आणि आमची स्थळवर्णने

चैत्र सरू लागला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि घराघरांतून पन्ह्याचा वास येऊ लागला, की आमच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट जातीच्या लेखनाला बहर येतो. उन्हाळ्यात जाण्याजोग्या स्थळांची ही वर्णने होत. महाबळेश्वर, माथेरान, पाचगणी ही यातील जुनी मानकरी. आमच्या विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूरचे तलाव आणि चिखलदऱ्याचे डोंगर ही जोडी ठरलेली. ही वर्णने कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाही आणि टीकाकार तर त्यांच्या वाटेलाही जात नाहीत. कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, कवितासंग्रहाचे होते. परंतु ज्या मजकुराच्या भरवशावर अनेक कुटुंबे आपली वर्षातली एकुलती एक सुट्टी आणि गाठीचा पैसा खर्च करितात, त्याचे गुणदोष कोणी तपासीत नाही. ते काम आम्ही येथे हाती घेत आहो. कोणा एका लेखकाची झडती घेण्याचा आमचा हेतू नाही. दोष आहे तो परंपरेचा आहे आणि त्या परंपरेत आम्ही स्वतःही वाढलो आहो, हे पुढे दिसेलच.

या वर्णनांचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. प्रथम शहरातील उकाड्याची तक्रार, मग प्रवास, घाट आणि पहिली गार झुळूक, नंतर प्रेक्षणीय स्थळांची क्रमवार मोजदाद, सरोवर असल्यास नौकाविहार, एक सूर्यास्त, आणि शेवटी ताजेतवाने होऊन परतणे. सरोवर नेहमी आरशासारखे असते, डोंगर नेहमी धीरगंभीर असतात आणि सूर्यास्ताच्या वेळी आकाशात रंगांची उधळण ही झालीच पाहिजे. आता मोजदाद उपयोगाची नाही असे आमचे म्हणणे नाही. पाहुण्याला रस्ता सांगणे, मुक्कामाची सोय सांगणे, कोणत्या वेळी कोठे जावे हे सांगणे ही प्रामाणिक सेवा आहे आणि ती नीट करणाऱ्या लेखकाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आमची तक्रार याच्या पुढची आहे. ती अशी की, या साच्यातून सरोवर दिसते पण पाणी दिसत नाही. डोंगर दिसतो पण डोंगरावर राहणारा दिसत नाही. आणि ज्या उन्हाळ्यासाठी हा सारा खटाटोप, तो उन्हाळा तर पहिल्या परिच्छेदातच निरोप घेऊन निघून जातो.

हा साचा आला कोठून, हे पाहणे बोधप्रद आहे. आमच्या पूर्वजांना थंड हवेची ठिकाणे ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ते तेथे जात ते देवासाठी, गडासाठी किंवा गुरांसाठी. हवेसाठी डोंगरावर जाऊन राहण्याची रीत इंग्रजी अमलात रुळली. महाबळेश्वरला सर जॉन माल्कम या गव्हर्नराने १८२८ च्या सुमारास वसाहत घातली. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले. आमचे चिखलदरा त्याही आधी, १८२३ साली, हैदराबाद पलटणीचे कॅप्टन रॉबिन्सन यांनी ‘शोधून काढले’ असे सांगतात. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीस जाऊन बसे. परक्या हवेने पोळलेला अधिकारी डोंगराच्या टोकाशी उभा राहून खालच्या दरीकडे पाही, आणि जेथे तो उभा राही त्या जागेस ‘पॉइंट’ असे नाव पडे. महाबळेश्वरचे लॉडविक, एल्फिन्स्टन, विल्सन हे पॉइंट या रीतीची साक्ष आहेत. राज्य गेले, पॉइंट राहिले. आमच्या चिखलदऱ्यास तर देवीचासुद्धा पॉइंट झाला.

पॉइंट या शब्दावर आम्ही रुसलो आहो असे वाचकांनी समजू नये. शब्द बाजारात रुळला, तो आता आपलाच आहे. परंतु त्या शब्दाबरोबर एक दृष्टी आली, ती तपासणे टीकेचे काम आहे. पॉइंटावर उभा राहणारा मनुष्य कठड्याच्या अलीकडे असतो आणि जे पाहावयाचे ते सारे कठड्याच्या पलीकडे. दरीतील गावाचा धूर त्याला निळसर आणि रम्य दिसतो. चुलीवर काय शिजते आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. गव्हर्नराच्या पाहुण्याने असे पाहावे हे समजण्यासारखे आहे. परंतु यवतमाळच्या, अमरावतीच्या किंवा वर्ध्याच्या मराठी लेखकाने आपल्याच मुलखाकडे त्याच जागेवरून पाहावे आणि त्यालाच सौंदर्यदृष्टी म्हणावे, हे चमत्कारिक होय.

आता आमच्या जिल्ह्यापुरते पाहू. यवतमाळ हे पठारावरचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. म्हणून वऱ्हाडातील इतर शहरांच्या मानाने येथील रात्री थोड्या सुसह्य. तथापि वैशाख तो वैशाखच. दुपारी रस्ते ओस पडतात, दाराला वाळ्याच्या ताट्या लागतात आणि नवतपा सुरू झाला म्हणजे पिंपळाचे पानदेखील हलत नाही. अशा वेळी ज्याला शक्य असेल तो बाहेर पडतो. पूर्वी ही वाट आगगाडीची होती. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेने विलायतेस जावा म्हणून. आणि पुढे मूर्तिजापूरहून तोच अरुंद रूळ अचलपुरापर्यंत गेला. लोकांनी तिला शकुंतला म्हणून आपलेसे केले. दारव्हा, कारंजा घेत ती मूर्तिजापूरला पोहोचे. तेथून अचलपूर, आणि अचलपूर-परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून यवतमाळचे कुटुंब वळकट्या, फिरकीचे तांबे आणि दशम्यांचे डबे घेऊन थंड हवा खावयास जाऊ शकत होते. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले; पुढे डिझेलचे आले; आता यवतमाळची गाडी बंद आहे आणि रुळांच्या कडेने गवत वाढले आहे. आज लोक मोटारीने जातात. नागपूर तर तीन तासांच्या आत येते. वाटेत कळंबला चिंतामणीचे देऊळ लागते. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावयाचे, आणि तेथे कुंड. उन्हाळ्यात आमच्या मुलखात गारवा शोधावयाचा तर वर चढण्याऐवजी खाली उतरावे लागते, हे त्या जुन्या बांधणाऱ्यास कळले होते, असे त्या पायऱ्या उतरताना नेहमी मनात येते.

नागपूर हे तलावांचे शहर आहे, हे आमच्या स्थळवर्णनांत आवर्जून येते. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, आणि जुन्या वस्तीतील शुक्रवारी, ज्याला आता गांधीसागर म्हणतात. संध्याकाळी फुटाळ्याच्या चौपाटीवर किती गर्दी असते, खाण्याच्या गाड्या कशा लागतात, अंबाझरीच्या बागेत मुले कशी रमतात, हे सारे वाचावयास मिळते आणि ते खोटे नाही. आम्ही स्वतः त्या गर्दीत अनेकदा उभे राहिलो आहो. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यातील एका संध्याकाळी आमची ही वाचलेली दृष्टी एकाएकी उणी पडली. तो प्रसंग येथे सांगणे भाग आहे, कारण या लेखाचा उगम त्यातच आहे.

त्या वर्षी यवतमाळ शहराची पाण्यावाचून दैना झाली होती. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले. नळाला पाणी येण्याचे अंतर दिवसांवरून आठवड्यांवर गेले. बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात येईल म्हणून सारे गाव वाट पाहत होते. गल्लीत टँकर आला की माणसे हातातले काम टाकून धावत; पाण्याचे गुंड, घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, जे हाती लागेल ते रांगेत लागे. रात्री दोन वाजता टँकर येणार अशी वार्ता आली तर घरातील एक मनुष्य ओट्यावर जागत बसे. आमच्या घरी वृद्ध मातोश्री. त्यांना हे सोसवेना, म्हणून आठ दिवसांसाठी आम्ही त्यांना घेऊन नागपूरला आप्तांकडे गेलो. एका संध्याकाळी मुलांच्या आग्रहाखातर सारे फुटाळ्यावर गेलो. पश्चिमेकडे आभाळ तांबूस झाले होते, पाण्यावर वारा होता, मुले कुल्फीसाठी हट्ट करीत होती. आम्ही मनातल्या मनात त्या देखाव्याचे वर्णन जुळवू लागलो होतो आणि त्यात आरसा हा शब्द येऊन गेला होता, हे कबूल करितो. मातोश्री कठड्याला धरून बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “एवढं पाणी उघड्यावर पडलं आहे, आणि काठावर एक गुंड दिसत नाही!”

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, उपदेश तर नव्हताच; निव्वळ आश्चर्य होते. परंतु त्या एका वाक्यात जितके फुटाळा तळे होते, तितके आम्ही त्याविषयी जे वाचले होते त्यात कोठेही नव्हते. ज्यांना पाण्याची रांग ठाऊक नाही त्यांच्यासाठी तळे हे आकाशाचे प्रतिबिंब. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांच्यासाठी तळे हे प्रथम पाणी. आणि आमच्या जिल्ह्यातला वाचक बहुतांशी दुसऱ्या जातीचा आहे. मग त्याच्यासाठी लिहिलेले वर्णन पहिल्या जातीचे का असावे?

एकदा हा प्रश्न पडल्यावर आम्ही नागपूरच्या तलावांकडे वळून पाहिले आणि ध्यानात आले की, त्यांचे खरे चरित्र प्रेक्षणीय या शब्दात मावतच नाही. शुक्रवारी तलाव हा देवगडच्या गोंड घराण्यातील चांद सुलतानाच्या काळचा. शहर वसवावयाचे तर आधी पाणी साठवावे, ही त्या राजाची समज. फुटाळा भोसल्यांच्या राजवटीतला. अंबाझरीचे पाणी एकोणिसाव्या शतकात शहराच्या पिण्यासाठी वळविले गेले. म्हणजे ज्याला आम्ही देखावा म्हणतो ते मुळात राजनीतीचे आणि गृहव्यवस्थेचे काम होते. पाणी पुढे दूरच्या धरणांतून येऊ लागले, तळ्याची गरज उरली नाही, आणि तेव्हापासून ते केवळ पाहावयाचे झाले. गरज संपली की वस्तू सुंदर दिसू लागते हा मनुष्यस्वभाव असेलही. परंतु गरज संपली की तिची निगाही संपते, हे त्याबरोबर सांगावयास नको काय? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. तलावाच्या सांडव्यापाशी उभारलेल्या स्मारकाने पाण्याची वाट अडते की काय, हा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयापर्यंत गेला. फुटाळ्यात संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी आणि प्रेक्षकांसाठी सज्जे उभे राहिले, त्याचाही वाद न्यायालयात गेला. कोणत्या वादात कोणाचे बरोबर, हे ठरविण्याचे हे स्थळ नाही. आमचे म्हणणे वाङ्मयापुरते आहे. तळ्याला पाणी कोठून येते आणि भरल्यावर ते कोठून जाते, या दोन गोष्टी ज्या वर्णनात नाहीत ते वर्णन वाचणाऱ्या शहराला आपले तळे हे एक मोठे भांडे आहे याचा विसर पडतो. आणि भांडे उतू गेल्यावरच त्याची आठवण होते.

आता चिखलदऱ्याकडे येऊ. तेथे थंड हवा आहे, कॉफीची झाडे आहेत, जुने बंगले आणि विश्रामगृहे आहेत, दरीत आवाज दिला तर तो पाच वेळा परत येतो म्हणून प्रसिद्ध असलेले पंचबोल आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले तो कीचकदरा, त्याचाच अपभ्रंश चिखलदरा, अशी लोककथा प्रत्येक वर्णनात येते. जवळच गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, हेही येते. परंतु गडाच्या माथ्यावर तलाव का खोदले असावेत, याचा विचार क्वचित येतो. मेळघाटात पाऊस थोडा पडत नाही. पण उतार तीव्र, खाली काळा कातळ, आणि पडलेले पाणी पाहता पाहता दऱ्यांतून निघून जाते. गड बांधणाऱ्याला हे माहीत होते म्हणून त्याने आधी पाणी अडविले, मग तट उभारला. आज त्याच चिखलदरा तालुक्यात खडीमलसारख्या गावी उन्हाळ्यात टँकरचे पाणी विहिरीत ओतले जाते आणि ते खाली पोहोचते न पोहोचते तोच काठावरून दोर सुटतात. पॉइंटावरून जी निळी रेषा दिसते तिच्यात ही गावे आहेत.

त्या गावांत कोरकू लोक राहतात. आमच्या स्थळवर्णनांत कोरकू आलाच तर नाचताना येतो. वस्तुतः आमची जी सुट्टी, तोच त्याचा कामाचा मोसम. फाल्गुनात होळीसाठी तो दूरच्या कामावरूनही गावी परततो, कारण होळी हा त्याचा सर्वांत मोठा सण. मग मोहफुले वेचणे, आणि मोहफुले आटोपतात तो तेंदूची पाने. पहाटे रानात शिरावे, उन्हे चढण्यापूर्वी पाने तोडावी, घरी आणून त्यांचे पुडे बांधावे, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यावे. आमच्याच जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी, घाटंजी या भागांतील रानातही उन्हाळा असाच जातो. त्याच दिवसांत टिपेश्वरच्या अभयारण्यात हौशी मंडळी उघड्या मोटारीतून फिरतात, कारण वैशाखात पाणवठे थोडे उरतात आणि वाघ हमखास पाण्यावर येतो. एकच रान, एकच महिना. एकाला वाघ दिसावा अशी आशा, दुसऱ्याला तो दिसू नये अशी. या दोन आशांपैकी एकीचेच वर्णन आमच्या वाङ्मयात का असावे, याचे उत्तर स्थळवर्णनकारांनी दिले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. वाचक म्हणतील, “वर्षभर कचेरीत आणि शाळेत राबून आम्ही चार दिवस विसावा घेतो. त्या चार दिवसांतही तुम्ही आम्हांस टँकर दाखविणार काय? आनंदाच्या वर्णनात दुःख कालविणे ही कोणती रसिकता?” या आक्षेपात सत्याचा अंश आहे. जे लेखन वाचकाच्या सुट्टीवर केवळ अपराधाची छाया टाकते, ते चांगले लेखन नव्हे. ते प्रवचनही धड नव्हे. विसावा ही माणसाची खरी गरज आहे. आमच्या घरांत ती पुरी कोणाची होते, एवढे मात्र जाता जाता विचारावेसे वाटते. पुरुषांची कचेरी आणि मुलांची शाळा बंद झाली की गृहिणीची गच्ची सुरू होते: कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वर्षाचे तिखट, हळद, लोणचे. ‘उन्हाळ्याची सुट्टी’ हा शब्द ज्यांनी घडविला त्यांनी वाळवणाची राखण केलेली नसावी. असो. आक्षेपाचे खरे उत्तर नीतीत नाही, रसात आहे. आणि ते आम्ही आमच्या सर्वांत थोर कवीकडून घेणार आहो.

‘ऋतुसंहार’ हे कालिदासाच्या नावावर चालत आलेले काव्य ग्रीष्मापासूनच सुरू होते. त्या पहिल्या सर्गात विलास भरपूर आहे: चांदण्या रात्री, कारंज्यांची घरे, चंदनाची उटी, गच्चीवरचे गाणे. आणि त्याच सर्गात, मध्ये कोठेही भिंत न घालता, आटलेल्या डबक्याचा चिखल उकरणारे रानडुक्कर आहेत, मृगजळामागे धावणारी हरणे आहेत, मोराच्या सावलीत येऊन पडलेला साप आहे आणि सापाच्या फणीखाली निवाऱ्यास आलेला बेडूक आहे. तहानेने वैर विसरलेले हे जग कवीने कारंज्यांच्या शेजारी ठेविले. त्यामुळे कारंज्यांचा गारवा कमी झाला काय? आम्हांस तर असे वाटते की तो त्यामुळेच जाणवतो. तहान न दाखविता पाण्याचे वर्णन करणे म्हणजे भूक न दाखविता पंगतीचे वर्णन करणे होय.

दुसरे उदाहरण आमच्या अधिकच जवळचे. ‘मेघदूता’तील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो नागपूरजवळचा रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. ते खरे धरले, तर जगातील एक अत्यंत रमणीय स्थळवर्णन आमच्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, आमच्याच एका टेकडीवर उभे राहून केलेले आहे. त्यात नद्या आहेत, नगरे आहेत, महाल आहेत. परंतु मेघ वाटेला लागतो न लागतो तोच कवी त्याला शेताकडे नेतो. पीक तुझ्या हाती आहे हे जाणून खेड्यातल्या स्त्रिया वर पाहतील, आणि त्यांच्या नजरेत भुवयांचा खेळ नसेल, अशा अर्थाचे कवी सांगतो. विरही यक्षाच्या शृंगारकाव्यात शेतकरणीच्या नजरेला जागा मिळाली. आमच्या चार पानांच्या नागपूर-वर्णनात मात्र ती मिळत नाही.

आमच्या काळातही ही दृष्टी अगदीच लोपली आहे असे नाही. काकासाहेब कालेलकरांनी ‘लोकमाता’मध्ये नद्यांकडे पाहिले ते पाहुण्याच्या नजरेने नव्हे, लेकराच्या नजरेने. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त (१९५६) वैशाख-ज्येष्ठाला टाळण्याजोगा काळ मानले नाही, प्रत्येक महिना त्याच्या स्वतःच्या तेजात पाहिला. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ तर या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळचे: विदर्भातील एक तळे, काठावर मुक्काम, आणि हाताशी भरपूर मोकळा वेळ. स्थळवर्णनकाराला जे भांडवल लागते ते सारे तेथे आहे. परंतु माडगूळकर स्थळे मोजीत नाहीत. ते एके ठिकाणी बसून राहतात आणि पाण्यावर कोण येते ते पाहतात. मारुती चितमपल्ली यांनी मेळघाटात, नवेगावबांधला वर्षानुवर्षे वनखात्यात काम करीत आदिवासींकडून आणि रानात राहणाऱ्यांकडून झाडांची, पक्ष्यांची, माशांची नावे शिकून घेतली आणि ती मराठीला दिली. पूर्व विदर्भातील तलाव कोहळी समाजाने ऊस-भातासाठी बांधले, हे ज्याला माहीत आहे त्याला नवेगावचे पाणी अधिक सुंदर दिसते की कमी? ज्ञानाने सौंदर्य आटते ही समजूत, ज्यांनी ज्ञान मिळविण्याचे कष्ट घेतले नाहीत त्यांनीच पसरविली असावी.

तेव्हा स्थळवर्णनाची परीक्षा कशाने करावी? आमच्या मते प्रश्न तीन. पहिला, या वर्णनात पाणी कोठून येते व कोठे जाते हे कळते काय. दुसरा, जो महिना आमच्या विसाव्याचा, तो तेथील माणसाच्या कोणत्या कामाचा, हे कळते काय. आणि तिसरा, जो सर्वांत कठीण: हे वर्णन त्याच गावच्या रहिवाशाला वाचून दाखविले, तर “होय, हे आमचेच गाव” असे तो म्हणेल काय. हे तीन प्रश्न विचारल्याने लेख लांबत नाही. पुष्कळ विशेषणे गळाल्यामुळे तो उलट आटोपशीरच होईल. नौकाविहारही राहील, सूर्यास्तही राहील. फक्त सूर्यास्ताच्या वेळी पलीकडच्या काठावर कोण काय करीत होते, याची एक ओळ वाढेल. आणि वाचक घरी परततील तेव्हा त्यांच्यापाशी सांगावयास स्थळांच्या यादीपेक्षा काही अधिक असेल.

या न्यायाने आमच्या गावाचे वर्णन कोणी लिहिले, तर त्यात निळोण्याचा जलाशय जरूर यावा. पाऊस चांगला झाला म्हणजे यवतमाळकर तेथे हौसेने फिरावयास जातात. भिंतीवरून पाणी पाहतात, भुट्टे खातात, मुलांची छायाचित्रे काढतात. आम्हीही जातो. परंतु २०१८ पासून एक पाहिले आहे. तेथे येणारा जवळजवळ प्रत्येक मनुष्य देखावा पाहण्यापूर्वी पाणी कोठपर्यंत चढले आहे ते पाहतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारतो, “यंदा पुरेल ना?” मातोश्री आता नाहीत. त्या असत्या तर त्यांनीही हेच विचारले असते. आमच्या जिल्ह्याचे स्थळवर्णन जो कोणी लिहील त्याने त्या कठड्यापाशी थोडा वेळ उभे राहावे आणि हा प्रश्न ऐकून मग लेखणी हाती घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.